तीनदा लागलेली हळद

गोखिवरे, १९ जानेवारी २०२५

विनिता,

आईसाठी या हातांनी आजवर केलेल्या वस्तू अशा: पलंगाला उजव्या बाजूने कठडा, पाऊण इंची पाइपचा, सांधे घासून गुळगुळीत केलेला. न्हाणीत भिंतीला दोन दांडे, एक उभा, एक आडवा. न्हाणीतली खुर्ची, बसायची फळी लाकडी, कारण प्लास्टिक तिला गार लागतं. उंबऱ्याला उतार, पहिला फार खडा झाला, तो फोडून पुन्हा केला. गॅसच्या बटणांवर पत्र्याचं झाकण, कुलपासकट. दाराशी चपला ठेवायला ठोकळा, ज्यावर ती चपला ठेवत नाही, स्वतः बसते. आणि अंगणाचं गेट. त्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तसं गेट वसई तालुक्यात दुसरं नसेल. कडी बाहेरून दिसत नाही, आतूनही दिसत नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये बोट घालून वर उचलायची आणि त्याच वेळी गेट अंगाकडे ओढायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. सातवी पास माणसाने डोक्यातून काढलंय.

एवढं लिहायचं कारण, चंद्रहास सांगत होता, तू त्याला विचारलंस, "दादा आईचं करतो तरी काय?" आपला हा चुलतभाऊ इकडच्या बातम्या तिकडे पोचवतो त्याचा त्याला पगार नाही, तरी मन लावून करतो. तर, हे करतो.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास त्याला येत्या पावसाळ्यात तीन वर्षं होतील, म्हणून पत्र. नाशिकचा पत्ता तुझ्या वहिनीने, हेमांगीने दिला. तिच्यावर रागावू नकोस.

मुंबईच्या त्या इस्पितळाच्या कागदावरून मला पुन्हा वाद घालायचा नाही. पण म्हणणं बदललेलं नाही. जन्मभर मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेली बाई, हातात कधी पेन्सिल धरली नाही, तिला त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं. आजची तारीख विचारली. कितवा मजला विचारला. तिने आयुष्यात मजला पाहिला तो इस्पितळातच. आणि लिहून दिलं की स्मरणशक्ती जाते आहे. त्याच आठवड्यात ती एका लग्नात दोन दिवस धवले गायली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. धवलारीण आहे ती. आपल्या आगऱ्यांचं लग्न तिच्या गाण्यावर चालतं. ती गाईल तो विधी, ती थांबेल तिथे सगळे थांबणार. अशा बाईला विसरभोळी म्हणायचं? तू म्हणालीस, महिन्यातले दहा दिवस आईला माझ्याकडे दे, इथे चांगले डॉक्टर आहेत. मी म्हणालो, धवलारणीला वेडी ठरवायला घराबाहेर काढणार नाही. त्यावर तू जे बोललीस ते लिहीत नाही.

आई बरी आहे. कधी मला काशिनाथमामा समजून हाक मारते. तुझं नाव घेते. अजून घेते. यायचं असेल तर तेवढं लक्षात ठेवून ये. बोलावतोय असं मात्र समजू नकोस.

सातिवलीचा वेल्डिंगचा गाळा सध्या बंद ठेवलाय. तिकडे विजेचा फार त्रास आहे.

प्रल्हाद


२३ फेब्रुवारी

विनिता,

हे तुला कळवायची गरज नव्हती. पण कामणच्या लग्नाला चंद्रहास होता, म्हणजे तुझ्यापर्यंत गेलंच असणार, आणि त्याच्या तोंडून गेलेल्या गोष्टीला वाटेत शेपूट फुटते. म्हणून झालं तसं लिहितो.

नवरदेव जितेश, चंद्रहासच्या मेव्हण्याचा मुलगा. दुपारची हळद. आई मांडवात चटईवर बसलेली, शेजारी हेमांगी, पाठीमागून ओढून गायला बाकीच्या बाया. देवांना आवतण झालं, पितरांना झालं, उंबराची फांदी झाली. आवाज तुला माहीत आहे, बारीक पण मांडवाच्या टोकापर्यंत जाणारा. मला बरं वाटत होतं. मग हळदीचा धवला झाला, बायांनी जितेशला हळद लावली. पुढे आंघोळीचा धवला यायला हवा. आईने पाणी प्यायलं, पदर नीट केला आणि पुन्हा हळदीचा सुरू केला.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. जितेशची आत्या म्हणाली, "बगताव काय? धवलारीन बोलली ना? लावा."

पुन्हा लावली. जितेश ओरडला, "आत्या, डोल्यात गेली!"

"गप बस. लगीन तुजा हाय, पन हुकूम तिचा हाय."

सगळा मांडव हसला. मीही हसलो. आईने दुसऱ्यांदा संपवलं, पाणी प्यायलं, पदर नीट केला, आणि तिसऱ्यांदा हळदीचाच. आता वाटीतली हळद संपली होती. एक जण मोटारसायकल घेऊन दुकानात गेला आणि पुड्या घेऊन आला. पोराच्या कानाच्या पाळ्या, मानेच्या वळ्या, सगळं पिवळं. या खेपेला कुणी हसलं नाही, आणि लावायचं कुणी थांबवलंही नाही. धवलारणीला मांडवात कुणी टोकत नाही. भटजीला टोकतात, तिला नाही. ती चुकते असं म्हणायला आपल्या बोलीत वाक्यच नाही.

मग हेमांगी, जी वीस वर्षं आईच्या मागून फक्त ओढून गायली, ती खालच्या आवाजात आंघोळीच्या धवल्याला लागली. एकटी. आवाज फाटत होता. आई ऐकत राहिली. तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू कोनाची गो?" आणि मग तिच्या सुरात सूर घालून पुढचं सगळं, शेवटपर्यंत, न चुकता.

परतताना आपल्या आळीतल्या रॉकीच्या रिक्षात आई खूश होती. म्हणाली, "लगीन चांगला झाला. पन नवऱ्याला कावील हाय. मुलीवाल्यांना सांगाला पायजे." रॉकीने रिक्षा बाजूला घेतली, इतका हसला. मग आरशात माझं तोंड बघून त्याने रिक्षा पुन्हा सुरू केली.

चंद्रहास काल सांगत होता, कामणमध्ये आणखी एका घरात तीनदा हळद लावली. जुनी पद्धत आहे म्हणे, आपण विसरलो होतो.

मी आईला आता लग्नांना नेत नाही. बोलावणं येतं तेव्हा गुडघे दुखतात असं सांगतो.

प्रल्हाद


६ एप्रिल

विनिता,

पार्सल मिळालं. मोठ्या माणसांचे डायपर, चड्डीसारखे घालायचे, मधल्या मापाचे. चिठ्ठी नव्हती. माप बरोबर आहे. आई वाळली हे तुला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. हेमांगी कामावरून, गोदामातून घरी येताना कुणाशी तरी फोनवर बोलत येते, ते मला खिडकीतून दिसतं.

कामणच्या हळदीची गोष्ट गावच्या दवाखान्याच्या आशाताईंपर्यंत गेली आणि तिथून आर्या नावाची एक मुलगी आमच्या दारात आली. मुंबईच्या एका संस्थेत म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्यावर अभ्यास चाललाय, त्यात कामाला आहे. मी सरळ विचारलं, घड्याळ काढायला लावणार का? म्हणाली, "नाही काका. आमच्याकडचे जुने सगळे अभ्यास शहरातल्या, शाळेत गेलेल्या लोकांवरचे आहेत. मिठागरवाले, शेतीवाले, कोळी, आदिवासी, कुणीच नाही त्यात."

"म्हणजे आमची माणसं विसरत नाहीत असं तुमच्याकडे लिहिलंय?"

"काहीच लिहिलेलं नाही. तोच प्रश्न आहे."

उत्तर प्रामाणिक वाटलं म्हणून खुर्ची दिली.

तिने समाज हॉलमध्ये बायांना बोलावलं. म्हणाली, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं हे तुम्हाला कशावरून कळतं ते सांगा, त्यावरून आम्ही प्रश्न बनवू. तू असायला हवी होतीस. एक म्हणाली, सासू कालवणात दोनदा मीठ घालायची. दुसरी म्हणाली, "तुजी सासू पैलेपासून दोनदा घालाची, जीव खारट तिचा." एकीने सांगितलं, लग्नात आहेर कुणी काय दिला हे विसरली म्हणजे बाई संपली समजा. आर्या सगळं लिहून घेत होती. शेवटी कोपऱ्यातून वरच्या आळीतली अनसूयाकाकी उठली, काठी टेकत.

"पोरी, आमच्यात याला म्हातारपन म्हनतात. तुमच्यात काय म्हनतात?"

"आजार म्हणतात, आजी."

"मंग औशद दे."

"बरं करणारं औषध नाही अजून."

"मंग नाव कशाला देतंस?"

 आर्या पेन खाली ठेवून म्हणाली, "घरातल्यांनी त्यांच्यावर ओरडू नये म्हणून." काकी खाली बसली. पटलं की नाही ते कळलं नाही. नंतर कुणीतरी विचारलं, आम्ही इकडे मिटिंगला येतो तोवर घरी म्हातारीजवळ कोण बसेल? आर्याने तेही लिहून घेतलं. लिहून घेतलं, एवढंच.

दोन आठवड्यांनी ती नवे प्रश्न घेऊन आईकडे आली. बोलीतले, आपल्या बायांनी सांगितलेले. तांदळातून खडे निवडायला दिले. आईने असे निवडले की मला अभिमान वाटला. भरती-ओहोटीचं विचारलं, थोडं आलं. मग तीन वस्तू सांगितल्या, विळा, पाटी, मडकं, आणि जरा वेळाने विचारल्या.

आई म्हणाली, "तुजा लगीन झाला का?"

"नाही, आजी."

"मंग तुला सांगून काय फायदा?"

आर्या हसली. मीही हसलो. तिने पुन्हा विचारलं. आई म्हणाली, च्या घेतंस का. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं. तशी ती माझ्याकडे कधी बघत नाही. मिठागराच्या मुकादमाकडे बघायची तशी.

या वेळी प्रश्न आपले होते, विनिता. उत्तर तेच आलं.

मग आर्याने मलाही विचारलं. झोप लागते का, चिडचिड होते का, आपल्या कामावर परिणाम झाला का. मी सगळ्याला 'कधीच नाही' सांगितलं. तिने लिहिलं. पेन बंद केलं आणि म्हणाली, "काका, मागच्या बाजूला वेल्डिंगचं मशीन गंजतंय."

मी म्हटलं, ते जुनं आहे.

प्रल्हाद


१८ मे

विनिता,

गेट कापलं. मी नाही कापलं.

आईच्या गोळ्या गावात मिळेनात म्हणून वसई स्टेशनकडे गेलो होतो. दुपारी ती जेवून झोपते. शेजारी सांगावं तर सगळी कामावर. हेमांगी गोदामात, तिथे उन्हाळ्यात सुट्टी मागितली की दुसरीच बाई उभी असते. मी विचार केला, गेट आहे. गोळ्या दोन दुकानांत नव्हत्या, तिसऱ्यात मिळाल्या. परत आलो तर दारात माणसं आणि माझ्या स्वतःच्या ग्राइंडरचा आवाज. रॉकी रिक्षाच्या खाकी शर्टात उकिडवा बसून आतून गेटच्या पट्ट्या कापत होता. त्याच्या शेजारी आई, उन्हात, अनवाणी, लुगडं ओलं झालेलं. गजांतून हात बाहेर काढून तिने मनगट सोलून घेतलं होतं.

तिला बांधावर जायचं होतं. "पानी चरतंय रं, बांद फुटंल, मना जाऊं दे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. ते मिठागर बंद होऊन किती वर्षं झाली. लोक थांबले, कडी शोधली. कुणाला सापडली नाही. आतूनही नाही, बाहेरूनही नाही. रॉकी आला, त्याने मागच्या भिंतीवरून उडी मारून माझ्या पडवीतून ग्राइंडर काढला.

मला बघून तो उठला. "प्रल्हाददा, गेट बनवलंस का तिजोरी? आत म्हातारी ठेवलीय, सोनं नाय."

मी कापलेल्या जागेतून आत शिरलो. आईला धरायला गेलो. ती रॉकीच्या मागे सरकली आणि माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाली, "यानं. या मानसानं मना कोंडलं."

रॉकी म्हणाला, "आजी, तो तुझा मुलगा आहे."

"माजा पोरगा असा नाय."

तिला न्हाणीत नेलं रॉकीच्या बायकोने. मी पट्ट्या उचलल्या. वेल्ड कुठेच सुटलं नव्हतं, ते मी पाहिलं. काम पक्कं होतं.

आता तिथे बाजारातली साधी कडी आहे, रॉकीनेच आणली. आणि मी घराबाहेर जात नाही. गोळ्या, भाजी, किराणा, सगळं हेमांगी कामावरून येताना आणते. आईच्या मनगटाला खपली धरली आहे. दुसऱ्या दिवशी तिला काही आठवत नव्हतं. सकाळी माझ्या हातून चहा घेतला, म्हणाली, काशिनाथ, तू किती वाळलास.

प्रल्हाद


२९ जून

विनिता,

तीन वर्षांनी तू या घरात फोन केलास, हेमांगीच्या नंबरवर. मी पलंगाच्या पलीकडे उभा होतो, तिने आवाज मोठा ठेवला होता. आईने तुला ओळखलं की नाही यावर तुम्ही दोघी नंतर बोलत बसलात. माझं मत सांगतो. नाव नाही आलं. पण तू "आय" म्हणालीस तेव्हा ती फोनच्या दिशेने नाही, दाराच्या दिशेने वळली. कुणीतरी येणार असल्यासारखी. मी समोर होतो म्हणून सांगतो, चंद्रहास नव्हता.

मग तू हेमांगीला जे विचारलंस तेही ऐकलं. "दादाने त्या संशोधनवाल्यांकडून किती घेतले?" गावात बोलतात ते मला ठाऊक आहे. प्रल्हादने आईचं डोकं अभ्यासाला विकलं. तुझ्यापर्यंत हेच आलं असेल. तर सरळ लिहितो, पुन्हा विचारावं लागू नये म्हणून.

आईला विचारलेल्या प्रश्नांचे पैसे मिळाले नाहीत. एकदा मुंबईला डोक्याचा फोटो काढायला नेलं, त्याची गाडी त्यांनी केली. फोटो पाहून डॉक्टरांनी मला स्वतः समजावलं, मराठीत, खुर्ची जवळ ओढून. तुझ्या त्या जुन्या कागदावर जे होतं तेच, फक्त पुढे सरकलेलं. वाढतच जाणार. शेवटी गिळणंही विसरेल असं म्हणाले. मी विचारलं, धवले? म्हणाले, ते सगळ्यात उशिरा जातील.

सातिवलीचा गाळा विजेमुळे बंद नाही. मागच्या दिवाळीपूर्वीच सोडून दिला. तिथे आता कुणीतरी पुठ्ठ्याचे खोके ठेवतो. पडवीतलं मशीन भंगारवाल्याला दिलं, ग्राइंडर ठेवला. घर हेमांगीच्या पगारावर आहे. मी सकाळी आईला उठवतो, न्हाऊ घालतो, भरवतो, दिवसातून कितीतरी वेळा बांधावर जायला निघते तेव्हा तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालतो आणि पाणी ओसरलं असं सांगून परत आणतो. ही युक्ती हेमांगीची. लोखंडाची नाही.

तू २०२२ मध्ये आईला दहा दिवस तुझ्याकडे, वीस दिवस इकडे असं म्हणत होतीस. ते अजून तुझ्या मनात असेल तर कळव. तिचे कपडे कसे घडी करायचे, पाणी कशातून द्यायचं, रडली तर काय गायचं, हे मी तोंडाने सांगेन. नसेल तर तसंही कळव. गप्प राहू नकोस, एवढंच. मला हल्ली दिवसभर बोलायला जे माणूस आहे ते मला काशिनाथ म्हणतं.

आता पैशाचं. मागच्या आठवड्यात आर्या तिच्या वरच्या साहेबांना घेऊन आली. चांगला माणूस, चपला उतरवून आत आला, आईच्या पाया पडला. म्हणाला, प्रल्हादभाऊ, आम्हाला तुमच्यासारखा माणूस पाहिजे. बोली येते, घरात शिरता येतं, बारीकसारीक नीट सांगता. कामणपासून इकडे गोखिवऱ्यापर्यंत गावोगाव फिरायचं. घरोघर बसून विचारायचं, इथे कुणी म्हातारं माणूस विसरायला लागलंय का, आणि दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, आठवड्याचे सहा दिवस.

मी विचारलं, तेवढा वेळ माझ्या आईजवळ कोण?

आर्या खाली बघायला लागली. साहेब म्हणाले, पुढच्या टप्प्यात त्यासाठी मागणी करू, आज तशी सोय नाही. आई तेवढ्यात उठून गेटच्या कडीपर्यंत गेली होती. मी तिला आणायला उठलो आणि तिथूनच त्यांना नाही म्हणून सांगितलं.

महिना चोवीस हजार देत होते.

प्रल्हाद